धुक्यात दिसणारे सांधे: सीमलेस नॉइज टेक्स्चर कसे तयार करावे आणि कुठून घ्यावे?

घाटमाथा (प्रश्न)

नमस्कार. आम्ही दोघी मैत्रिणी मिळून गोडो ४ या गेम तयार करण्याच्या साधनात एक लहान गेम तयार करत आहोत. त्यातला बराचसा भाग पावसाळ्यातल्या घाटरस्त्यावर घडतो. दरीतून वर येणारे धुके, मशालीचा धूर आणि एका प्रसंगातला पाण्याचा भोवरा हे तीन इफेक्ट माझ्याकडे आहेत. तिन्हींसाठी मी नॉइज टेक्स्चर, म्हणजे यादृच्छिक उजळ-गडद छटांचे चित्र, शेजारी-शेजारी मांडून वापरते आणि तिन्हींत मला चित्रांमधले सांधे दिसत आहेत. दोन आठवडे प्रयत्न करूनही कारण हाती लागले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

धुक्यासाठी मी गोडोमधलेच नॉइज टेक्स्चर घेतले आणि त्यातला सीमलेस (सांधा न दिसणारे) हा पर्याय चालू केला. कडेवर रेषा दिसत नाही हे खरे, परंतु धुके सरकू लागले की ठरावीक अंतराने उभे आणि आडवे पट्टे जाताना दिसतात. त्या पट्ट्यांत धुके दाटही नसते आणि विरळही नसते, नुसते सपाट करडे होते.

धुरासाठी मी पायथनमध्ये स्वतः पर्लिन नॉइज (जाळीवर आधारलेले नॉइज) लिहिले. चित्र ५१२ × ५१२ पिक्सेलचे आहे, दोन्ही दिशांना जाळीची आठ-आठ घरे आहेत आणि एकावर एक पाच ऑक्टेव्ह, म्हणजे अधिकाधिक बारीक तपशिलाचे थर, आहेत. प्रत्येक ऑक्टेव्हला वारंवारता २.२ पटीने वाढते. पहिल्या ऑक्टेव्हमध्ये घराच्या क्रमांकाला आठने भागून उरणारी बाकी मी वापरते आणि पुढच्या प्रत्येक ऑक्टेव्हमध्ये त्या-त्या वारंवारतेच्या जवळच्या पूर्णांकाने भागते. तरीही चित्रे शेजारी मांडली की मोठे आकार जुळतात आणि बारीक तपशील मात्र कडेवर तुटतो. शिवाय प्रत्येक सांध्यावर केसाएवढी एक रेषा दिसते, ती वेगळीच.

भोवऱ्याचे कोडे सर्वांत अवघड आहे. त्याचे टेक्स्चर माझ्या मैत्रिणीने मटेरियल मेकर या टेक्स्चर तयार करण्याच्या साधनात केले आहे. सोळा तुकडे शेजारी मांडून आम्ही ते तपासले आणि त्यात काहीही दोष नाही. परंतु शेडरमध्ये (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या लहान प्रोग्रॅममध्ये) कोन आणि अंतर काढून तेच टेक्स्चर गोलाकार फिरवले की केंद्रापासून डावीकडे एक बारीक करडी रेषा उमटते.

मला नुसता उपाय नको आहे, हे असे का होते ते समजून घ्यायचे आहे. त्याचबरोबर, चांगली तयार नॉइज टेक्स्चर कुठे मिळतात आणि विक्रीच्या गेममध्ये ती वापरताना परवान्याबाबत काय पाहावे, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

चौकटजाळी

नमस्कार. तुम्ही तीन इफेक्टमध्ये जे पाहत आहात ते एकाच दोषाचे तीन नमुने नाहीत. ते चार स्वतंत्र दोष आहेत आणि त्यांपैकी एकही कडा पुसून किंवा रंगवून जाण्यासारखा नाही. सांधा नेमका कोणत्या पायरीवर जन्माला आला हे शोधून त्याच पायरीवर तो सुधारावा लागतो. धुके आणि धूर यांविषयी मी लिहितो. भोवऱ्याविषयी माझ्यापेक्षा शेडर लिहिणाऱ्या सदस्यांनी लिहिलेले बरे.

आधी धुके. गोडोमधला सीमलेस हा पर्याय नॉइजला मुळापासून आवर्ती, म्हणजे कडेपलीकडे आपोआप तेच पुन्हा सुरू होणारे, करत नाही. तो गरजेपेक्षा थोडे मोठे चित्र तयार करतो आणि कडेजवळच्या पट्टीत एका बाजूचे नॉइज दुसऱ्या बाजूच्या नॉइजमध्ये हळूहळू मिसळतो. या पट्टीची रुंदी ठरवणारा आकडा त्याच ठिकाणी ब्लेंड स्कर्ट या नावाने दिलेला असतो आणि तो मुळात ०.१ असतो. मोठा आकडा ठेवल्यास तपशील आणि कॉन्ट्रास्ट कमी होऊ शकतो, असे गोडोच्या अधिकृत माहितीपानावरही नमूद आहे. कारण साधे आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन नॉइजची निम्मी-निम्मी सरासरी घेतली की त्यांचे चढ-उतार एकमेकांना काही प्रमाणात खाऊन टाकतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे चढ-उतारांचे माप, मूळच्या ०.७०७ पट उरते. कोपऱ्यात चार नॉइज समप्रमाणात मिसळतात, तिथे ते निम्म्यावर येते. तुम्हाला दिसणारे करडे पट्टे म्हणजे हीच मिसळणीची पट्टी आहे. स्थिर चित्रात ती नजरेतून सुटते, पण धुके सरकू लागले की पट्टीही सरकते आणि डोळा ती लगेच पकडतो.

मिसळायचेच असेल, तर त्याला एक चांगला उपाय आहे. दोन्ही नॉइजमधून आधी मध्यमान वजा करावे, मग वजनांनुसार बेरीज करावी, त्या बेरजेला दोन्ही वजनांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने भागावे आणि शेवटी मध्यमान परत मिळवावे. असे केले की प्रमाण विचलन पट्टीतही मूळचेच राहते. एरिक हाइट्झ आणि फॅब्रिस नेरे यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हीच कल्पना पुढे नेली आहे. ते मूल्यांचे वितरण आधी घंटाकृती करून घेतात, मिसळतात आणि नंतर मूळ वितरणावर परत आणतात. परंतु ही पद्धत ठळक रचना नसलेल्या नॉइजलाच शोभते. पेशीसारख्या किंवा कडांच्या नॉइजमध्ये दोन आकार एकमेकांतून आरपार दिसतात, ते कोणत्याही गणिताने झाकले जात नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की धुक्यासाठीसुद्धा मुळातच आवर्ती असलेले नॉइज वापरावे. तुमची पायथनमधली वाट बरोबर होती. तिच्यात दोन चुका राहिल्या आहेत.

पहिली चूक २.२ या आकड्यात आहे. पर्लिन नॉइज म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळीसारखी एक जाळी असते. प्रत्येक ठिपक्यावर एक यादृच्छिक दिशा ठेवलेली असते आणि मधल्या जागी शेजारच्या चार ठिपक्यांच्या दिशांवरून मूल्य काढले जाते. चित्राच्या उजव्या कडेचा ठिपका आणि डाव्या कडेचा ठिपका यांना एकच दिशा दिली की सांधा उरत नाही. यासाठी चित्राच्या रुंदीत घरांची संख्या पूर्ण असणे मात्र अत्यावश्यक आहे. तुमच्या पहिल्या ऑक्टेव्हमध्ये आठ घरे आहेत, म्हणून मोठे आकार जुळतात. दुसऱ्या ऑक्टेव्हमध्ये १७.६ घरे येतात, म्हणजे चित्राची कड एका घराच्या मधोमध कुठेतरी पडते. बाकी काढताना अठराने भागले किंवा सतराने भागले, तरी ती कड ठिपक्यावर येऊ शकत नाही. पुढच्या ऑक्टेव्हमध्ये ३८.७२ घरे येतात आणि तिथेही तेच घडते. बारीक तपशील तुटण्याचे कारण हेच आहे.

तुम्ही २.२ हा आकडा का निवडला असावा, याचा मला अंदाज आहे. ऑक्टेव्हचे प्रमाण अचूक दोन ठेवू नये, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो आणि तो निराधार नाही. पर्लिन नॉइजचे मूल्य प्रत्येक ठिपक्यावर शून्य असते. वारंवारता दुप्पट केली की जुन्या जाळीचा प्रत्येक ठिपका नव्या जाळीच्या ठिपक्यावर येऊन बसतो, पाचही ऑक्टेव्ह त्याच जागी शून्य होतात आणि चौकटीची हलकी ठेवण दिसू लागते. ती टाळण्यासाठी लोक दोनपेक्षा थोडे वेगळे प्रमाण घेतात किंवा प्रत्येक ऑक्टेव्ह थोडा फिरवतात. सीमलेस टेक्स्चरमध्ये मात्र या दोन्ही युक्त्या आवर्तन मोडतात. त्याऐवजी घरांची संख्या ८, १७, ३७, ७९ आणि १६१ अशी ठेवावी. प्रत्येक संख्या पूर्ण आहे, म्हणून प्रत्येक ऑक्टेव्ह जुळतो, आणि एकीचे ठिपके दुसरीवर सहसा बसत नाहीत. त्याखेरीज प्रत्येक ऑक्टेव्हला वेगळे बीज (यादृच्छिक दिशा ठरवणारा सुरुवातीचा आकडा) द्यावे आणि त्याला मनाला येईल तेवढे बाजूला सरकवावे. आवर्ती वस्तू कितीही सरकवली तरी आवर्तीच राहते, त्यामुळे सरकवण्यात धोका नाही. अखेरच्या ऑक्टेव्हमध्ये एका घराला तीन पिक्सेलच्या आसपास जागा मिळते. त्यापुढे ऑक्टेव्ह वाढवले, तर नॉइजऐवजी नुसती कचकच मिळते.

दुसरी चूक बहुधा पिक्सेलच्या जागेच्या हिशेबात आहे. पिक्सेलचा क्रमांक ५११ ने भागत असाल, तर पहिल्या स्तंभाची जागा शून्य आणि शेवटच्या स्तंभाची जागा एक येते. आवर्ती नॉइजमध्ये शून्य आणि एक या जागी मूल्य सारखेच असते, म्हणजे चित्राचे पहिले आणि शेवटचे स्तंभ एकसारखे होतात. शेजारी मांडल्यावर तोच स्तंभ दोनदा येतो आणि तिथे दोन पिक्सेल रुंदीची सपाट रेषा तयार होते. क्रमांकात ०.५ मिळवून ५१२ ने भागावे, ती रेषा नाहीशी होईल.

डोळ्यांवर विसंबून न राहता हे आकड्यांनी तपासता येते आणि ते मी आग्रहाने सुचवेन. चित्रातल्या शेजारच्या स्तंभांमधला सरासरी फरक काढावा आणि त्याची तुलना शेवटच्या व पहिल्या स्तंभामधल्या फरकाशी करावी. दोन्ही साधारण सारखे आले तर चित्र निर्दोष आहे. कडेचा फरक पुष्कळ मोठा आला तर सांधा आहे आणि तो शून्य आला तर स्तंभ दोनदा आला आहे. ओळींसाठीही हेच करावे.

आणखी एक वाट आहे. चित्राची आडवी जागा एका वर्तुळावर आणि उभी जागा दुसऱ्या वर्तुळावर न्यावी. दोन्ही वर्तुळांचे मिळून चार अक्ष होतात, त्या चौमितीय अवकाशात नॉइज मोजावे. वर्तुळ स्वतःच बंद असल्याने टेक्स्चर आपोआप बंद होते. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या साधनातल्या नॉइज टेक्स्चर नोडमध्ये चौथी मिती उपलब्ध आहे, त्यामुळे कोड न लिहिता हे तिथे करता येते. यात ताण किंवा विकृती येत नाही, परंतु वर्तुळ फार लहान ठेवले तर समोरासमोरचे बिंदू एकमेकांसारखे दिसू लागतात. मोजणीही महाग पडते, कारण चौकोनी जाळीत प्रत्येक बिंदूसाठी चारऐवजी सोळा ठिपके पाहावे लागतात. ज्या साधनात जाळीवर तुमचे नियंत्रण नाही, तिथे ही युक्ती फार कामाची आहे. तुम्ही कोड स्वतः लिहीत असल्यामुळे तुम्हाला तिची गरज पडणार नाही.

कोनमापक

भोवऱ्याच्या रेषेविषयी लिहिते. तुमच्या मैत्रिणीचे टेक्स्चर निर्दोष आहे, हे तुम्ही तपासूनच ठरवले आहे आणि ते बरोबरच आहे. रेषा शेडरमध्ये तयार होते.

केंद्राभोवती कोन मोजताना तो उणे पायपासून (π, म्हणजे १८० अंश) अधिक पायपर्यंत जातो आणि डावीकडच्या अक्षावर एका झटक्यात पुन्हा उणे पायवर येतो. टेक्स्चरच्या दृष्टीने शून्य आणि एक ही जागा एकच असल्यामुळे रंग तिथेही जुळायला हवा, आणि तो जुळतोही. ग्राफिक्स कार्ड मात्र पिक्सेल एकेकटे सोडवत नाही. ते दोन बाय दोनचा गट घेते आणि शेजारच्या पिक्सेलमध्ये टेक्स्चरची जागा किती बदलली यावरून कोणती मिपमॅप पातळी, म्हणजे टेक्स्चरची आधीच लहान करून ठेवलेली कोणती प्रत, वाचायची हे ठरवते. त्या अक्षावर शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये जागा जवळजवळ पूर्ण एकने बदललेली दिसते. संपूर्ण टेक्स्चर एका पिक्सेलमध्ये मावले आहे, असा कार्डाचा समज होतो आणि ते सर्वांत लहान मिपमॅप वाचते. सर्वांत लहान मिपमॅप म्हणजे अख्ख्या टेक्स्चरची सरासरी. तुमची रेषा करडी आहे, याचा अर्थ तोच.

मिपमॅप बंद केले की रेषा जाते. भोवरा पडद्यावर नेहमी साधारण त्याच आकाराचा दिसणार असेल, तर तेवढे पुरेसे आहे. तो दूरवरूनही दिसणार असेल, तर मिपमॅप ठेवून उतार, म्हणजे शेजारच्या पिक्सेलमध्ये जागा किती बदलते तो आकडा, स्वतः द्यावा. त्यासाठी कोन दोन प्रकारे काढावा. एका प्रकारात झटका डावीकडे असेल आणि दुसऱ्यात उजवीकडे. दोन्हींचे उतार काढून प्रत्येक पिक्सेलला त्यातला लहान उतार घ्यावा आणि तो टेक्स्चरग्रॅड या फलनाला द्यावा. झटक्याचा खोटा उतार अशा रीतीने कुठेच निवडला जात नाही.

यासोबत दोन गोष्टी पाहाव्यात. वर्तुळाभोवती टेक्स्चर किती वेळा फिरते, ती संख्या पूर्ण असावी. दोन किंवा तीन चालेल, अडीच चालणार नाही. तसेच शेडरमध्ये ते टेक्स्चर घोषित करताना रिपीट चालू ठेवलेले आहे याची खात्री करावी आणि रंगाच्या टेक्स्चरसाठी असलेली सोर्स कलर ही सूचना नॉइजला लावू नये. ती लावल्यास ०.५ हे मूल्य सुमारे ०.२१४ होते आणि धुराची घनता विनाकारण बिघडते. याने सांधा दिसत नाही हे खरे, तरी धूर जसा हवा तसा का दिसत नाही याचे उत्तर पुष्कळदा इथेच सापडते.

निळाई

मी मुंबईत कंपोझिटिंगचे (वेगवेगळी चित्रे एकत्र करून दृश्य तयार करण्याचे) काम करतो आणि मला इतरांनी तयार केलेली टेक्स्चर रोज हाताळावी लागतात. चौकटजाळी यांनी मूळ सांगितलेच आहे. चांगले टेक्स्चर नंतरच्या पायऱ्यांवर कसे बिघडते, त्याविषयी मला लिहायचे आहे.

निर्दोष नॉइज घेऊन त्यावर ब्लर लावला की बहुतेक साधनांत कडा बिघडतात, कारण ब्लरला कडेपलीकडे काय आहे ते माहीत नसते आणि तो कडेचेच पिक्सेल पुढे ताणतो. आकार लहान-मोठा करताना, शार्प करताना आणि नॉर्मल मॅप (पृष्ठभागाच्या चढ-उताराची दिशा साठवणारे चित्र) काढतानाही हेच होते. यावर माझा नेहमीचा उपाय असा, की चित्र तीन बाय तीन मांडायचे, त्या मोठ्या चित्रावर हवी ती प्रक्रिया करायची आणि मधला तुकडा कापून घ्यायचा. जेपेगमध्ये नॉइज कधीही साठवू नये. जेपेग चित्राचे आठ बाय आठचे ठोकळे करून प्रत्येकाला स्वतंत्रपणे दाबतो, त्यामुळे उजव्या कडेचा ठोकळा आणि डाव्या कडेचा ठोकळा एकमेकांशी जुळतील याची कोणतीही हमी नसते. १६ बिटचे पीएनजी किंवा ईएक्सआर ठेवावे. आठ बिटमध्ये २५६ पायऱ्याच मिळतात आणि मंद उताराचे धुके मोठ्या पडद्यावर ताणले की त्या पायऱ्या रेषांसारख्या दिसू लागतात.

हाताने दुरुस्ती करायचीच असेल, तर फोटोशॉपमधला ऑफसेट फिल्टर किंवा गिंपमधला ऑफसेट वापरून कडा मध्यभागी आणता येतात. क्रिटा या चित्रे रंगवण्याच्या साधनात डब्ल्यू ही कळ दाबली की चित्र चारही बाजूंना आवर्ती होऊन दिसते आणि त्याच अवस्थेत रंगवता येते. ही सोय मला फार आवडते, कारण सांधा पाहत-पाहत काम करता येते. गिंपच्या सॉलिड नॉइजमध्ये टाइल होण्याचा, म्हणजे सांध्याविना शेजारी मांडता येण्याचा, पर्याय आहेच. सबस्टन्स डिझायनर या टेक्स्चरच्या सशुल्क साधनातली नॉइज मुळातच टाइल होणारी असतात. त्याचा खर्च परवडत नसेल, तर मटेरियल मेकर हे मोफत आणि मुक्तस्रोत साधन तुमच्याकडे आहेच, आणि ते गोडोवरच उभे आहे.

आता तयार टेक्स्चरविषयी. ॲम्बियंटसीजी आणि पॉली हेवन या दोन्ही संकेतस्थळांवरची सामग्री सीसी० या परवान्याखाली आहे. म्हणजे विक्रीच्या कामात ती वापरता येते आणि श्रेय देण्याचे बंधन नसते, तरी श्रेय द्यावे असे मला वाटते. तिथे मुख्यतः भिंत, माती, दगड अशी पृष्ठभागांची टेक्स्चर मिळतात. त्यांतल्या उंचीच्या नकाशांना नॉइज म्हणून वापरता येते आणि दगडाच्या उंचीचा नकाशा धूर विरघळवण्यासाठी गणिती नॉइजपेक्षा जिवंत दिसतो. इतर संग्रहांतून घेताना एक फरक नीट पाहावा. काही परवाने अंतिम चित्रपटात किंवा गेममध्ये वापर मान्य करतात, पण मूळ फाइल दुसऱ्याला देण्यास मनाई करतात. तुम्ही दोघी मिळून काम करता आणि फाइल एकमेकींना देता, म्हणून ते कलम आधी वाचावे. परवान्याची प्रत फाइलजवळच ठेवावी. एका प्रकल्पात दोन वर्षांनी टेक्स्चरचे मूळ विचारले गेले आणि आम्हाला ते सांगता आले नाही. शेवटी ते दृश्य पुन्हा करावे लागले.

एक प्रकार मात्र स्वतः न करता तयारच घ्यावा, तो म्हणजे ब्लू नॉइज. त्यात शेजारचे पिक्सेल एकमेकांपासून शक्य तितके वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे मोठे ठिगळ कुठेच दिसत नाही. रॉबर्ट युलिचनी यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने ते तयार करता येते. त्या पद्धतीत अंतर मोजताना चित्राच्या कडा गुंडाळलेल्या धरतात, म्हणून ते जन्मतःच सीमलेस असते. ख्रिस्टॉफ पीटर्स यांनी अशी टेक्स्चर सीसी० परवान्याखाली उपलब्ध करून दिली आहेत. ६४ × ६४ चा तुकडा तुमच्या धुक्याला पुरेल. त्याला मिपमॅप, फिल्टर आणि कॉम्प्रेशन यांपैकी काहीही लावू नये, नाहीतर त्याचा गुणच नष्ट होतो.

घाटमाथा

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून सर्व बदल केले. पायथनमध्ये मी खरोखरच ५११ ने भागत होते. ते बदलले आणि घरांची संख्या ८, १७, ३७, ७९ आणि १६१ अशी घेतली. स्तंभांमधल्या फरकाची तुलनाही केली. कडेचा फरक आतल्या फरकाइतकाच येतो आहे. तो आकडा पाहून किती समाधान वाटले ते सांगता येत नाही. धुक्यासाठीही आता तेच टेक्स्चर वापरते आहे आणि करडे पट्टे नाहीसे झाले आहेत. भोवऱ्यात दोन कोनांची पद्धत वापरली, रेषा गेली.

आता एक पुढचा प्रश्न उरतो. धुके नुसते सरकते, आतून बदलत नाही, त्यामुळे ते काचेवर काढलेल्या चित्रासारखे वाटते. शिवाय टेक्स्चरमध्ये एक ठळक उजळ डाग आहे आणि तो पुन्हा पुन्हा येताना ओळखू येतो. धुके आतून उकळत राहावे आणि बारा सेकंदांनी कोणालाही न कळता पुन्हा सुरू व्हावे, असे करता येईल का?

चौकटजाळी

आनंद झाला. उजळ डागाचा उपाय आधी सांगतो. सांधा नसला तरी पुनरावृत्ती ओळखू येते, आणि ती ओळखू येते ती सर्वांत मोठ्या आकारांमुळे. म्हणून टेक्स्चरमधून मोठे चढ-उतार कमी करावेत. पहिल्या ऑक्टेव्हचे वजन निम्मे केले तरी फरक दिसेल. धुक्याचा मोठा आकार मग याच टेक्स्चरचा दुसरा थर पुष्कळ मोठ्या मापाने लावून मिळवावा. दोन्ही थरांची मापे एकमेकांच्या साध्या पटीत नसावीत, म्हणजे एकत्र दिसणारी ठेवण लवकर परत येत नाही.

आतून बदलण्यासाठी वेळ ही तिसरी मिती धरावी आणि तीही जाळीवर गुंडाळावी. तुमच्या कोडमध्ये फक्त एक अक्ष वाढेल. बारा सेकंदांत त्या अक्षावर तीन घरे ठेवली, तर प्रत्येक आकार साधारण चार सेकंद टिकेल आणि तीन घरांनंतर सर्व काही मूळ जागी येईल. इथे सवयीने वेळेच्या अक्षावरही घरे प्रत्येक ऑक्टेव्हला दुपटीने वाढवली जातात आणि मग बारीक तपशील फार वेगाने वळवळू लागतो, धुक्याऐवजी जुन्या टीव्हीवरच्या मुंग्या दिसतात. वेळेच्या अक्षावर घरे ३, ४, ५, ६, ७ अशी संथ वाढवावीत. संख्या पूर्ण असल्या की पुरे, त्यांच्यात ठरावीक प्रमाण असण्याची गरज नाही.

हे साठवण्यासाठी त्रिमितीय टेक्स्चर वापरावे, फ्लिपबुक (एकाच चित्रात शेजारी मांडलेल्या फ्रेम) नको. फ्लिपबुकमध्ये एका पानाच्या कडेपलीकडे दुसरे पान असते, त्यामुळे कार्डाचे रिपीट तिथे उपयोगी पडत नाही आणि मिपमॅपमध्ये शेजारची पाने एकमेकांत मिसळतात. त्रिमितीय टेक्स्चरमध्ये तिन्ही दिशा आपोआप गुंडाळल्या जातात आणि दोन थरांच्या मधले मूल्यही कार्डच काढते. २५६ × २५६ चे ६४ थर, एका चॅनेलमध्ये आठ बिट, असे धरले तर मिपमॅप वगळता जागा ४ एमबी लागते. आठ बिटच्या पायऱ्या जाणवल्याच, तर निळाई यांनी सांगितलेले ब्लू नॉइज शेडरमध्ये थोडेसे मिळवावे. गरिला या स्टुडिओने होरायझन झीरो डॉन या गेमच्या ढगांसाठी १२८ × १२८ × १२८ आणि ३२ × ३२ × ३२ अशी दोन त्रिमितीय नॉइज टेक्स्चर वापरल्याचे सिग्राफ या संगणक-चित्रांवरच्या परिषदेत २०१५ मध्ये मांडले होते. मोठ्या टेक्स्चरमध्ये ढगाचा आकार आणि लहानात कडांचा तपशील, अशी ती वाटणी होती. त्यातही पहिल्या चॅनेलमध्ये पर्लिन आणि वर्ली (विखुरलेल्या बिंदूंपासूनच्या अंतरावरून तयार होणारे पेशीसारखे नॉइज) ही दोन नॉइज एकत्र केलेली होती, कारण नुसते पर्लिन धुरकट दिसते आणि वर्लीमुळे ढगाला फुगीर गोलाई येते. वर्ली नॉइज हवे असल्यास तेही असेच आवर्ती होते. घराच्या क्रमांकाची बाकी घेऊन बिंदू निवडायचा आणि अंतर मोजताना शेजारची घरेही गुंडाळून पाहायची. दरीतून वर येणाऱ्या धुक्याला ते मी आवर्जून करून पाहीन.

कोनमापक

वरच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालते, कारण ती हमखास राहून जाते. धुके आतून बदलत असतानाच सरकणारही असेल, तर बारा सेकंदांत प्रत्येक थर दोन्ही दिशांना पूर्ण संख्येइतक्या टाइलच सरकला पाहिजे. एक थर आडवा एक टाइल, दुसरा आडवा दोन आणि उभा उणे एक, अशी जोडी घेतली की पुनरारंभ कळत नाही. आडवा वेग पूर्ण टाइलचा ठेवून उभ्या वेगाकडे दुर्लक्ष केल्यामुळे उडी दिसल्याचे मी अनेकांच्या कामात पाहिले आहे. हाच लूप व्हिडिओ म्हणून बाहेर काढणार असाल, तर २४ फ्रेमच्या गतीने बारा सेकंदांच्या २८८ फ्रेम होतात. शून्यापासून मोजल्यास शेवटची फ्रेम २८७ असते. आवर्तन पूर्ण होण्याची कीफ्रेम (मूल्य निश्चित करणारी फ्रेम) २८८ वर ठेवावी, २८७ वर नाही, अन्यथा पहिली फ्रेम दोनदा येते आणि हालचाल क्षणभर अडखळते. तुमच्या ५११ आणि ५१२ चा प्रश्न होता, तोच इथे वेळेत येतो.

गोडोमध्ये शेडरला मिळणारा वेळ ३६०० सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो. ३६०० ला बाराने पूर्ण भाग जातो, त्यामुळे तुमच्या लूपला त्याचा त्रास होणार नाही. लूपची लांबी पुढे बदलून सात किंवा अकरा सेकंद केली, तर मात्र तासाभराने एकदा उडी दिसेल. तसे करायचे झाल्यास प्रकल्पाच्या सेटिंगमधला हा आकडा लूपच्या लांबीच्या पूर्ण पटीत करून घ्यावा.